गनला लावलेलं कुंकू

बस चार्जिंगला लावली की करायचं काम एकच उरतं, वाट पाहणं, आणि नेमकं तेच मला जमत नाही. डिझेलच्या काळात बस यायची, टाकी भरायची आणि धूर सोडून निघून जायची. आता ती चार्जरसमोर येऊन उभी राहते. जाड केबलच्या टोकाला मुठीएवढा प्लग असतो, त्याला आमच्याकडे सगळे गन म्हणतात. ती बसच्या कुशीतल्या सॉकेटमध्ये बसवायची आणि पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा मुंगीच्या चालीनं चढताना बघायचा. मी या डेपोची चार्जिंग सुपरवायझर. राइट टाउनमधून स्कूटरवर येते आणि दिवसभर त्या आकड्याभोवती येरझारा घालते. ड्रायव्हर आपसांत म्हणतात, दीदी जितना चलती हैं, उतने में बस रांझी होकर आ जाए.

ही गोष्ट आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरची. त्यांना मी दादा म्हणत असे. शहराच्या टोकाला असलेल्या रांझीतल्या मराठी घरातले, वडील फॅक्टरीत होते. विजेची बस पहिल्यांदा हातात आली तेव्हा दादांनी स्टिअरिंगवर कान ठेवून पाहिला होता आणि जाहीर केलं होतं की यात जीव नाही. चार-सहा महिन्यांत असे पालटले की स्वतःच्या गमछ्यानं तिच्या काचा पुसायचे आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर वसकन अंगावर जायचे.

त्यांचा निवृत्तीचा दिवस आला तो नेमका खंडेनवमीला. तीन वाजताची रांझीची फेरी त्यांची शेवटची. आमच्याकडे शेवटच्या फेरीला घरच्यांना बसमध्ये बसवून नेतात. दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, डिझेलचा वास सहन होत नसे. नुसत्या थांब्यावर उभ्या राहिल्या तरी पोटात ढवळायचं. नवऱ्याची उभी हयात बस चालवण्यात गेली आणि बायको त्याच्या बसमध्ये एकदाही बसली नव्हती. विजेच्या बसला धूर नाही, वास नाही, म्हणून आज बसणार होती. दादांनी हे आठवडाभर इतक्यांदा सांगितलं होतं की गेटवरचा चहावालासुद्धा आतुर झाला होता.

त्यांच्या घरी खंडेनवमीला कामाच्या हत्यारांची पूजा. वडील फॅक्टरीत पान्यांना हळदकुंकू वाहायचे, दादा दरवर्षी स्टिअरिंगला आणि चाकांना. त्या दिवशी सकाळची फेरी आटोपून ते आले तेव्हा बसची बॅटरी तळाला गेली होती. मी म्हटलं, आधी पूजा उरकून घ्या, मग लावू चार्जिंगला. आणि ऑफिसात फोनवर बोलत बसले.

बाहेर आले तर काय पाहावं! चार्जरच्या सगळ्या गना झेंडूच्या माळा घालून रांगेत लटकलेल्या, जणू सामुदायिक विवाहातल्या नवऱ्या मुली. खरं सांगते, मी टाळ्या वाजवल्या. मग जवळ गेले. दादांनी विचार केला होता की विजेच्या बसचं खरं हत्यार म्हणजे गन, आणि बस जेवते ते सॉकेटमधून. म्हणून गनच्या प्रत्येक भोकात अनामिकेनं तेलात कालवलेलं कुंकू भरलं होतं, त्यावर हळद, त्यावर अक्षता, आणि वरून ग्वारीघाटावरून सकाळीच आणलेलं नर्मदेचं पाणी शिंपडलं होतं. एकीलाच कशाला, म्हणून सगळ्यांना. आणि त्यांच्या बसच्या सॉकेटला तर दुप्पट.

चार्जरनं काम करायला साफ नकार दिला. पडदा लालभडक झाला. मी चार्जर कंपनीच्या इंदोरच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा गनसमोर धरला. त्यानं डोळे फोनला चिकटवले.

“मॅडम, ये क्या है?”

“पूजा है,” मी म्हटलं.

त्यानं बजावलं की मेन स्विच बंद केल्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावू नका, पाण्यानं धुवायचा विचारही करू नका, कण न् कण काढा, चार्जरच्या पेटीतला सफाईचा स्प्रे मारा आणि पूर्ण कोरडं करा. डेपो मॅनेजरनं घड्याळ पाहिलं आणि सोपा मार्ग काढला. भाड्याची डिझेल बस मागवू, फेरी तर होईल. मॅनेजर वाईट माणूस नाही, त्याला फक्त फेरी दिसत होती. दादांच्या हातात अजून पूजेची थाळी होती. ती त्यांनी हळूच बाकावर ठेवली.

“ताई, डिझेलमध्ये ती बसणार नाही.”

एवढंच म्हणाले. मी मेन स्विच पाडला, कुलूप घातलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या ब्यूटी पार्लरमध्ये घुसले. मला हेअर ड्रायर आणि चिमटा हवा होता. नवमीची गर्दी. पार्लरवाली म्हणाली की ड्रायर तिचा जीव आहे, तो तिच्या हाताबाहेर जाणार नाही. मग हातासकट चला, मी म्हटलं. ती आली. तिच्यामागून एकच भुवई कोरलेली एक बाईही आली, कारण चिमटा तिच्या भुवईवरून उचलून आणला होता आणि ती त्याच्यावरची नजर हटवायला तयार नव्हती.

त्यानंतर जो प्रयोग झाला तसा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या रंगमंचावरही कधी झाला नसेल. ऑफिसचं वायरिंग वेगळं असल्यानं ड्रायरला वीज होती. मी चिमट्यानं गनमधले, सॉकेटमधले तांदूळ वेचत होते, इंजिनिअर फोनमधून “और अंदर, और अंदर” करत होता, पार्लरवाली गनला गरम हवा देत होती. दादा आमच्याभोवती फिरून राहिले होते. झालं का, झालं का, असं इतक्यांदा विचारलं की मी त्यांना चहावाल्याकडे हाकलून दिलं. तेवढ्यात वहिनी आल्या. नवी साडी, एका हातात हुंगायला लिंबू, दुसऱ्या हातात पोटात ढवळलंच तर असावी म्हणून प्लास्टिकची पिशवी. ड्रायरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं,

“काहून जी, बसचे केस वाळवून राहिल्या का?”

हसता हसता माझा चिमटा पडला. भुवईवाल्या बाईनं तो झेलला.

इंजिनिअरनं परवानगी दिल्यावर स्विच वर केला आणि गन लावली. लाल पडदा हिरवा झाला. चार्जरचे पंखे घोंघावू लागले, आकडा हलला. मग सुरू झाले माझे खरे हाल. तीनला चाळीस टक्के तरी हवेत हा नियम. मी गेटपर्यंत जाऊन यायची, आकडा एकानं वाढलेला. मी पाणी पिऊन यायची, आकडा तिथंच. तीन वाजले तेव्हा बत्तीस होते. मॅनेजर नाही म्हणाला. मी म्हटलं, एसी बंद ठेवू, मी स्वतः सोबत जाते, बस कुठं अडली तर दोष माझा. त्यानं दोन्ही हात वर केले. त्याला मी संमती समजले.

मी दादांच्या मागच्या सीटवर बसले आणि मान पुढे काढून आकड्याकडे पाहत राहिले. वहिनी डावीकडे खिडकीशी, लिंबू नाकाला. प्रवासी एसीच्या नावानं कटकट करत होते. चढ आला की आकडा धपकन खाली, उतार आला की जागच्या जागी. रांझीला पोचेस्तोवर माझ्या पदराच्या टोकाची पिळून पिळून दोरी झाली होती. परतीच्या वाटेवर नवमीची गर्दी, मंडपांमुळे वळवलेला रस्ता, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक सिग्नलला शिव्या देत होते.

तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी घरंगळत आलं. लिंबू. मी वळून पाहिलं. वहिनी काचेला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. पिशवी घडी न मोडता मांडीवर. दादांनी आरशात पाहिलं, आणि त्यांचा वेगच बदलला. ब्रेक असा लावत होते की उभ्या माणसाचा हात दांडीवरून हलू नये.

प्रवासी बाहेरच्या थांब्यावर उतरले. डेपोच्या गेटवर सगळे ड्रायव्हर हार घेऊन तयार, ढोलवाला काठी उगारून उभा. दादांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ढोलवाल्याची काठी हवेतच थांबली. बस आवाज न करता आत शिरली.

“ताई, किती उरलंय?” दादांनी मागे न वळता हळू विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात मी आकड्याकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं. नऊ.

“पुरेल,” मी म्हटलं.

दादांनी आरशात झोपलेल्या वहिनींकडे पाहिलं आणि बस थांबवलीच नाही. यार्डाला चक्कर सुरू केली. हार हातात घेतलेले सगळे ड्रायव्हर, ढोल पोटाशी धरलेला ढोलवाला आणि सर्वांत मागे मॅनेजर, असे बसच्या मागून पावलांचा आवाज न करता चालू लागले.