दावणीच्या जागेवरचं ऑफिस

आधीच सांगते, मी क्लेमवाली बाई आहे. आरोग्य विम्याच्या एका कंपनीत फोनवर बसते आणि दिवसभर लोकांना एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगते... कागद नाही तर क्लेम नाही. त्यामुळे भूतबाधा, बाहेरचं, भास वगैरे माझ्याकडे कधी चाललं नाही, आजही चालत नाही. कुणी मला हाच अनुभव सांगितला असता तर मी दोन प्रश्न विचारून फाइल बंद केली असती. पण हा माझाच आहे, त्यामुळे बंद करता येत नाही.

गाव कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. माझं माहेर. आई गेल्यावर माझे वडील, अण्णा, एकटे पडले, त्यात त्यांचे हातपाय थरथरायला लागले. मी एकुलती एक. पुण्याहून दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि राहिलेच. नवरा विवेक पुण्यातच, जमेल तसा येऊन जायचा. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, पण अट एकच—मागे आवाज नको. आवाजाच्या तक्रारी आल्या तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर राजीनामा. आणि मी पुण्याला गेले तर अण्णांना कोण बघणार? एवढ्या एका गोष्टीवर आमचं सगळं टांगलेलं होतं.

घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी, अण्णांचा टीव्ही, आल्यागेल्याच्या गप्पा... तिथे बसून काम होणं शक्यच नव्हतं. वसमतला एकाने क्लासच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाल्यांसाठी टेबलं भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. मी बघून आले. जागा चांगली होती, एसी होता. पण दिवसभर मी वसमतला आणि अण्णा इथे, मग पुणं काय आणि वसमत काय? म्हणून ठरवलं, परसात एक खोली बांधायची. हाकेच्या अंतरावर ऑफिस.

परसात जिथे सावली होती तिथे पूर्वी दावण होती. तांबी नावाची आईची गाय तिथे बांधलेली असायची. आई गेल्यावर अण्णांच्याने शेणघाण होईना, म्हणून त्यांनी ती कनेरगाव नाक्याकडच्या एका माणसाला विकली. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, आपलं आपल्याकडे राहतं. दावं गेलं की घरची लक्ष्मी गेली म्हणतात. तो माणूस गळ्यातली घंटाही मागत होता, अण्णांनी ती पण दिली नाही. दावं आणि घंटा त्यांच्या खाटेच्या उशाशी खिळ्याला लटकत होती. घंटेतला लोलक मी लहान असतानाच कधीतरी पडला होता, त्यामुळे ती हलवली तरी वाजायची नाही. हे लक्षात ठेवा.

पाया खोदताना दावणीचा खुंटा निघेना. बाभळीचा, खोल गेलेला. मिस्त्री खाजाभाई म्हणाले की वरून कापतो आणि त्याच्यावर कोबा टाकतो, कळणारसुद्धा नाही. अण्णा खुर्ची टाकून बघत बसले होते.

"खुंटा काढायचा तर समदा काढा," ते म्हणाले. "न्हाईतर खोली तिकडं सरकवा. कापून गाडू नका."

"काहून अण्णा?"

"काहून काय? बांधायची जागा हाय ती."

तिकडं सरकवली तर दरवाजा भिंतीला लागत होता, आणि शांत जागा करायला कंपनीने दिलेली मुदत संपत आली होती. मी कापायला सांगितलं. अण्णा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे झाले. म्हातारी माणसं रुसतात, त्यात काय एवढं.

खोली छान झाली. वर पत्रे, पत्र्यांखाली थर्माकोल, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला आईच्या जुन्या वाकळा ठोकल्या. इन्व्हर्टर, इंटरनेट, चांगला हेडफोन. अण्णांच्या खाटेला बिनवायरची बेल लावली, दाबली की माझ्या टेबलावर दिवा लागेल अशी. त्यांनी ती तेव्हा कधीच दाबली नाही. म्हणायचे, मी काय लॉजवर राहून राहिलो का? उठायला आधार म्हणून खिळ्यावरचं दावं खिडकीच्या गजाला बांधून घेतलं होतं, त्याचा फास धरून उठायचे. मी ओरडायचे. शेजारच्या कौसल्यामावशी सकाळी येऊन त्यांचं आंघोळपाणी करून जेवू घालून जायच्या, दुपारनंतर मीच.

पहिल्यांदा इंदूरच्या एका आजींनी विचारलं, बेटा, तुम्हारे यहाँ गाय है क्या? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, घंटी सुनाई दे रही है, अच्छा लगता है. मी हसून पुढचा प्रश्न विचारला. नंतर अजून एकाने विचारलं. मग एकाने सरळ तक्रारच केली की मॅडम मंदिरात बसून काम करतात.

माझी टीम लीड रेश्मा चांगली मुलगी आहे, पण तिच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं आहे. तिने पहिल्यांदा प्रेमाने सांगितलं, दुसऱ्यांदा मेल पाठवला. मी काय काय केलं नाही... हेडफोन बदलला, दाराला रबर लावलं, गल्लीत फिरून कुणाची गुरं आहेत का पाहिलं. आमच्या बाजूला आता कुणाकडेच गुरं नाहीत, सगळे पाकिटातलं दूध घेतात. विवेकला फोन लावून अर्धा तास नुसती बसून राहिले, त्याला काही ऐकू आलं नाही. आणि एके दुपारी बोलता बोलता तोच म्हणाला, काय गं, गाय घेतली का?

मला स्वतःला तो आवाज कधीच ऐकू आला नाही. एकदाही नाही. मी त्या खोलीत बसलेली असायचे आणि घंटा फक्त पलीकडच्या माणसाला ऐकू यायची.

खरं सांगू का, मला भीती नाही वाटली. कंटाळा आला. अण्णांची चादर बदलायची, औषधं द्यायची, लोकांच्या शिव्या खायच्या, विवेकला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचं आणि वर ही नसलेली गाय. रेश्माने शेवटचं सांगितलं की आता एक जरी तक्रार आली तर तिच्या हातात काही नाही. त्या दिवशी मी खूप रडले. अण्णांना वाटलं विवेकशी भांडण झालं, तर म्हणाले, जा माय पुण्याला, माझं काय, मी ऱ्हाईन कसाबी. मला त्यांचाही राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, भोपाळकडच्या एका माणसाचा फोन होता. त्याच्या वडिलांचा क्लेम नामंजूर झाला होता आणि तो माझ्यावर जाम भडकला होता. मी ऐकून घेत होते. बोलता बोलता तो एकदम थांबला.

"मॅडम, आपकी गाय को देखिए पहले."

मी नेहमीचं सांगितलं की माझ्याकडे गाय नाही, क्षमस्व, आपण पुढे जाऊ या.

"अरे मॅडम, मैं भी गाँव का हूँ. जानवर रस्सी में फँस जाए तब ऐसी घंटी बजती है. आप जाइए, मैं होल्ड करता हूँ."

इतक्या वर्षांत मी हजारो लोकांना होल्डवर ठेवलं असेल, मला कुणी पहिल्यांदाच ठेवलं. कॉल सोडून उठायची परवानगी नसते. पण मी इतकी वैतागले होते की हेडफोन टेबलावर आपटला आणि उठले. म्हटलं, एकदा परस डोळ्यांनी बघते, त्याला सांगते की काही नाही, आणि मग काय नोकरी जायची ती जाऊ दे.

परस रिकामं होतं. ऊन पडलेलं, तारेवर कपडे. काही आवाज नाही. मी तशीच परत फिरणार होते, पण आलेच आहे तर अण्णांना पाणी विचारावं म्हणून घरात गेले.

अण्णा खाटेवरून घसरले होते. दावं धरून उठायला गेले असणार, हात सुटला आणि दाव्याचा फास गळ्याखाली अडकला. अर्धे खाटेवर, अर्धे लोंबकळत, पायाची बोटं फरशीला घासत होती. तोंडातून आवाज निघत नव्हता. चेहरा काळानिळा पडला होता. मी त्यांना छातीशी धरून वर उचललं आणि दाताने गाठ सोडली. हाताने ती सुटली असती, पण मला सुचलं नाही.

थोड्या वेळाने त्यांचा श्वास ताळ्यावर आला. मी मोठ्याने रडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"तिला पाणी पाज," ते म्हणाले. "कवाची उभी हाय."

खिळ्यावरची घंटा जागच्या जागी होती, लोलक नसलेली, हलतसुद्धा नव्हती.

त्या भोपाळच्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी परत फोन लावला. त्याने तक्रार केली नव्हती. त्याने एवढंच विचारलं, मिल गई? मी म्हटलं, हो, मिळाली. त्याचा क्लेम मी वर पाठवून पुन्हा तपासायला लावला, नियमात बसत होतं तेवढं केलं. मग रेश्माला सगळं खरं सांगितलं आणि कॉलचं रेकॉर्डिंग ऐकायला लावलं. ती म्हणाली, ताई, यात फक्त तुम्हा दोघांचे आवाज आहेत, घंटा कुठेच नाही. आणि तरी तो माणूस मधेच थांबून गाय बघा म्हणतोय, हेही त्यात आहे. मेलचं ती पुन्हा कधी बोलली नाही.

नंतर मी आठवून बघायला लागले. इंदूरच्या आजींचा फोन आला त्या दुपारी अण्णा उंबऱ्यात पडलेले सापडले होते. विवेकला ऐकू आलं तेव्हा त्यांनी अंगावर गरम चहा सांडून घेतला होता. बाकीच्या दिवसांचं आठवत नाही. दोन गोष्टी जुळल्या म्हणजे पुरावा होत नाही, हे मी स्वतः लोकांना सांगते.

त्या दिवसापासून मी दुपारी परसात खोलीच्या दाराशी पाण्याची बादली ठेवायला लागले. अण्णांनी ती पाहिली. दावं सोडून त्यांच्या हातात बेल दिली, तर ती मात्र दाबायला लागले, उगाचच, पाच मिनिटाला. घंटेचं त्यानंतरही कुणी कुणी विचारायचं. मी प्रत्येक वेळी हेडफोन काढून घरात पळायचे. अण्णा अजून एक वर्ष जगले. गेले ते खाटेवर, झोपेत, माझ्यासमोर. त्या दिवशी मी सुट्टीवर होते, त्यामुळे फोनवर कुणी नव्हतं, आणि घंटा वाजली का ते मला कळायला मार्ग नाही.

याला कारण काय ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, पण श्रद्धा ठेवा वगैरे नका सांगू, दमलेय मी.

विवेक म्हणतो, आता तरी पुण्याला ये. जाईन. बादली अजून भरते. संध्याकाळी ती तेवढीच भरलेली असते, मग कढीपत्त्याला ओतते.

परवा एका बाईला मी न राहवून विचारलं, मागे काही आवाज येतोय का? घंटीबिंटी? ती जरा ऐकत राहिली आणि म्हणाली, नहीं मॅडम, एकदम शांति है. मी धन्यवाद म्हटलं आणि तिचा पॉलिसी नंबर विचारला.