मॅडमच्या आयव्हीचा पाहुणचार

आमच्या घरात पाहुणा उपाशी मेल्याचं एकही उदाहरण नाही. खाऊन मेल्याचं मात्र एक आहे.

मी तेव्हा सुरतच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच! त्यामुळे लिंबायतच्या आमच्या गल्लीत बिघडलेल्या पंख्यापासून पोटदुखीपर्यंत सगळ्यावर माझा सल्ला घेतला जाई. (आणि मी तो देतही असे!) वनस्पतिशास्त्राच्या मॅडम लेकीच्या बाळंतपणाला दीड महिना निघाल्या, तेव्हा त्यांची लाडकी आयव्ही, कुंडीतली नाजूक वेल, साठ मुलांतून माझ्याच हाती आली.

"जिवंत परत आण," मॅडम म्हणाल्या. "प्रात्यक्षिकाचे मार्क हिच्यावरच देईन."

आईने वेलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आय माय! कितली रोडकी से ही! मॅडम खावाले देतस नही का?"

"आई, हिला महिन्यातून एकदाच खत. तेही अर्धं पातळ करून. पुस्तकात लिहिलंय!"

"महिनामा एकदाव? पाव्हनी से ती, उपासले बसनी नही!"

पुस्तक लायब्ररीतलं होतं, इंग्रजी. शब्दकोश मांडीवर घेऊन मी आठवड्याला एक पान या वेगाने ज्ञान मिळवत होते. तोवर घरच्यांनी पाहुणचार सुरू केला. आईने तांदळाचं धुवण घातलं, मग ताक. आबा लूमच्या कारखान्यात कामाला, पण मूळचे शेतकरी. त्यांनी बारडोलीच्या एका ऊसवाल्या मित्राकडून रुमालात बांधून युरिया आणला.

"आबा, हे उसाचं खत आहे!"

"ऊसले चालस, मंग इले का बरं नही?"

"ऊस एकरभर असतो. ही कुंडीत आहे!"

"म्हनीसन मूठभरच टाकी ऱ्हायनू ना!"

शेजारच्या जसुबेन मागे कशा राहतील? "बेटी, चा वगर तो माराथी पण ऊभुं न थवाय!" चहाशिवाय आपल्यालाही उभं राहवत नाही, असं म्हणत त्यांनी चहाचा चोथा ओतला, साखरेसकट. संध्याकाळपर्यंत कुंडीत मुंग्यांची वस्ती झाली.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आता गल्लीतल्या एकमेव शास्त्रज्ञाने पुढे येणं भाग होतं. मी पानं उलटीसुलटी करून निदान केलं: कुपोषण! दुकानातून खताची बाटली आणली आणि पातळ वगैरे न करता पाजली. पानं गळाली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजली. त्यानंतर पुस्तकाचं पान उलटलं. पहिलीच ओळ: पानांच्या कडा करपल्या, तर खत ताबडतोब थांबवावे.

आठवड्याभरात कुंडीत फक्त काड्या उरल्या. पुढचा महिनाभर मी त्यांना नुसतं पाणी घालत राहिले, पण एक कोंब फुटला नाही. मॅडम आता परवा यायच्या होत्या. मार्क गेलेच, पण शिकलेली म्हणून, गल्लीच्या भाषेत "शिकेल पोरगी" म्हणून मिरवणंही गेलं! मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, तेव्हा आई हळूच म्हणाली, "पहिलाच दिन कुंडी पुसताना एक फांदी तुटनी व्हती. तू रागे भरशी म्हनीसन सांगं नही व."

ती फांदी तिने पाण्याच्या टाकीमागे, फुटक्या तेलाच्या डब्यात मातीत खोचून लपवली होती. लपवल्यामुळे तिथे आबा गेले नाहीत, जसुबेन गेल्या नाहीत आणि देवाच्या कृपेने मीही गेले नाही. टाकीच्या गळतीवर तिला चार नवी, हिरवीगार पानं फुटली होती!

तो डबा छातीशी धरून मी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले आणि तोंडातून निघालं, "मॅडम, आई गेली. लेकरू मात्र ठणठणीत आहे."

लेकीला बाळंतपणात सोडून कालच परतलेल्या मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना पाणी पाजून, डबा दाखवून, रडत रडत मी युरियापासून चोथ्यापर्यंत सगळं कबूल केलं.

मॅडमनी चारही पानं एकेक करून उलटून पाहिली. "आणि हिला काय घातलंस?"

"काहीच नाही, मॅडम. मला माहीतच नव्हतं ती आहे म्हणून."

त्यांनी मला पास केलं. माझ्या अज्ञानाला मिळालेले ते पहिलेच मार्क! काहीच न करण्याची हीच पद्धत मी पुढे रसायनशास्त्रालाही लावून पाहिली. तिथे मात्र पालवी फुटली नाही.