एसटी वळायची जागा

माझा राग झाडांवर नाही, झाडं लावणाऱ्यांवर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. रस्ता देवळासमोरच्या मोकळ्या जागेत संपतो. एसटी वळायला तेवढीच जागा. सकाळी कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी मारायचा, गाडी वळायची आणि अर्धी वाडी घेऊन महाडला जायची. बाजारच्या बाया, बिरवाडीच्या कारखान्यांत जाणारे, सगळे एकाच गाडीच्या धुरात. माझी मुलगी त्याच गाडीने बारावीला जायची.

मग आमच्या मुंबईकर मंडळाला पर्यावरण आठवलं. माणशी एक म्हणावी इतक्या मोटारी घेऊन मंडळी आली. धाकटे दीर मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी नेमके तिथेच खड्डे खणायला घेतले.

मी म्हटलं, "भावोजी, इथं एसटी वळते."

"वहिनी, एसटीत आता बसतं कोण? ऑक्सिजन बघा."

रोपं लागली, भोवती लोखंडी जाळ्या लागल्या, जाळ्यांवर देणगीदारांची नावं लागली. आमच्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, कारण जेवणाचं मटण मंडळाचं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने जीव मुठीत धरून गाडी उलटी खाली नेली. तेव्हापासून ती फाट्यावरूनच परत फिरते. वाडीत मोटारसायकली वाढल्या, जो तो आपापला धूर सोडत जातो. फाट्यापर्यंतची वाट रानातली. मुलीचे वडील म्हणाले, "बास झालं कॉलेज."

मी दिरांना फोन केला. जाळ्या हलवा म्हटलं.

"लावलेलं झाड काढायचं नाय, वहिनी. पोरीला आमच्याकडं धाडा. हिला घरकामाला कुणीतरी हवंच हाय."

मी फोन ठेवला आणि पहार घेतली. जाळ्या उपटल्या, एकेक रोप मुळांच्या मातीसकट काढून देवळामागच्या उतारावर लावलं. पुरुष बघत उभे राहिले, पहारीला हात कुणी लावला नाही.

नवरा म्हणाला, "आता भावाला काय तोंड दाखवू?"

"पोरीला काय दाखवणार ते आधी सांगा."

जागा मोकळी झाली, पण गाडी काही आली नाही. डेपोला ग्रामपंचायतीचा अर्ज हवा, आणि सरपंचांना मंडळ दुखवायचं नाही. म्हणून रोज पहाटे हातात काठी घेऊन मीच मुलीला फाट्यावर सोडते. परतताना एकटी असते, तेव्हा दिरांना तोंड भरून शिव्या घालते. चढ मोठा आहे, पण शिव्या घरापर्यंत पुरतात.