डावऱ्याची रायफल

जुन्या लष्करी रायफली जमवायचा मला नाद आहे. रीतसर परवानाही आहे. बेळगावच्या आसपास कुणाच्या माळ्यावर काही सापडलं की मला फोन येतो. बहुतेक वेळा साधी ठासणीची बंदूक निघते आणि मी चहा पिऊन परत येतो.

खानापूरच्या पुढल्या एका खेड्यातून फोन आला तेव्हाही मी तसाच गेलो. सोबत बायको होती. फोन करणाऱ्या आक्कांचे मालक नुकतेच वारले होते. त्यांच्या नावावरची, शेतराखणीची बंदूक आता पोलीस ठाण्यात जमा करायची होती.

"जायच्या आदी कुणीतरी जाणत्यानं बगावी, म्हणून बोलावलं," आक्का म्हणाल्या.

जुन्या लुगड्यात गुंडाळलेली रायफल त्यांनी दोन्ही हातांवर आडवी धरून आणली. मागचं झाकण बाजूला उघडून मी नळीत बॅटरीचा उजेड टाकला. आत पीळ घेत गेलेल्या खाचा लखलखत होत्या. मी वाकून पुन्हा एकदा पाहिलं. असल्या रायफली लोकांना विकताना इंग्रज सरकार नेम बिघडावा म्हणून त्या खाचा घासून काढायचं. शाबूत खाचांची रायफल मी तोवर चित्रातच पाहिली होती.

मग मागच्या लाकडी दस्त्याकडे लक्ष गेलं. उजव्या अंगाला तो चांगलाच खोल कोरला होता. मूळ लाकडाची नासाडी! मी हळहळलो.

"डावरे व्हते ह्ये," आक्का म्हणाल्या. "गाल नीट बसंना, म्हणून सोता कोरलं. पर डुक्कर एक मारलं न्हाय कदी. वर बार काडायचे. म्हणायचे, पळू दे की गं, त्येला बी पिल्लं हाईत."

त्या खोलगटावर त्यांनी तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"आक्का, माझ्या परवान्यावर घेऊ का ही?" मी विचारलं.

"घ्या की. पर लाकूड बदलू नगा."

कागदपत्रांत कितीतरी महिने गेले. शेवटी रायफल बेळगावात, शहापूरला आमच्या घरी आली. माझ्यासारख्याच एका नादिष्ट मित्राला ती फार आवडली. न कोरलेला जुना दस्ता शोधून देतो, म्हणाला. मी नको म्हटलं.

आता खंडेनवमीला आक्का सकाळच्या गाडीनं येतात, रायफलीला हळद-कुंकू लावतात, झेंडू वाहतात. मग बायकोशी अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये गप्पा रंगतात. गेल्या वर्षी जेवणानंतर त्या पुढच्या सोप्यातच कलंडल्या नि गाढ झोपल्या. बायकोनं पंखा हळू केला आणि मला बाहेर जायची खूण केली.