नवरीनं ओव्हन उघडला

नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ओव्हनमधून धूर निघाला आणि माझं डोकंच फिरलं. रुखवताची नानकटाई होती त्यात! करंज्या, चकल्या, लोकरीची तोरणं, सगळं तयार होतं. पण नानकटाई मी घरीच भाजणार, असं मीच अख्ख्या भावकीत सांगत सुटले होते. संगमनेरजवळचं आमचं गाव, बेकरीची भट्टी गावात नाही. मी पिन ओढून काढली आणि ओरडले, "अहो, या इकडं! काय केलंत माझ्या ओव्हनला?"

कारण मागच्याच महिन्यात आमच्या ह्यांनी त्याची आतली वायर बदलली होती. ह्यांचं सगळं जग विहिरीच्या मोटारीच्या उरलेल्या केबलवर चालतं. कपडे वाळत घालायला तीच, गोठ्याचं फाटक बांधायला तीच. ओव्हनच्या पोटातही तीच घातली.

"शुद्ध तांबं हाय त्यात," हे म्हणाले.

"तांबं हाय, पण ती पाण्यात राहायची केबल, दादा. आगीत न्हाई," माझी नणंद, आमची ताई, म्हणाली. नवरी तीच.

ताईनं आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलाय आणि संगमनेरला जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात ती कामाला जाते. सगळ्यांच्या जिवाला घोर तोच होता. बैठकीत तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "कामाचं लग्नानंतर बघू." असल्या 'बघू'चा अर्थ बायकांना बरोबर कळतो. मुलगा मनापासून आवडला होता म्हणून ताई गप्प बसली, पण तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

"वहिनी, माझी हत्यारांची पेटी आणा," ती म्हणाली.

चुलतसासूबाई कडाडल्या, "अगं, चुडा भरलाय! नवरीनं कामाला हात लावायचा नसतो."

"मग तुमी भाजा नानकटाई तव्यावर," मी म्हणाले आणि पेटी आणून दिली.

एकही बांगडी वाढायला नको म्हणून ताईनं हिरवा चुडा वर सरकवून रुमालानं बांधला आणि मागचे स्क्रू काढले. आत बघवेना! प्लास्टिक वितळून खालच्या रॉडला चिकटलेलं, रॉडचं टोक जळून काळंठिक्कर. तिनं मीटर लावला. वरच्या रॉडला मीटर वाजला, खालच्याला हूं नाही की चूं नाही.

"खालचा गेला. दादा, हा घेऊन जा आन् डिट्टो असाच आण." ह्यांनी मोटारसायकलला किक मारली.

नवा रॉड आला. ताईनं पेटीतली जाड वेष्टणाची, गरमीला न वितळणारी वायर काढली. मांडीवर ओव्हन, ओठांत स्क्रू. आणि नेमकं तेव्हाच नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बायका दारात! सगळ्यांत पुढे ताईच्या सासूबाई.

चुलतसासूबाई ओव्हनवर पदर टाकायला धावल्या. पदर कसला पुरतोय!

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

ताईनं ओठांतला स्क्रू काढला. "ओव्हन दुरुस्त करतीय. हेच माझं काम हाय, आई. मला ते सोडायचं न्हाई."

बाप रे! मला भीती वाटत होती आणि तिचा अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम. तिनं शेवटचा स्क्रू पिळला, पत्र्याला कुठं वायर टेकत नाही ना ते मीटरनं तपासलं आणि पिन लावली. थोड्याच वेळात दोन्ही रॉड लालभडक! मी टाळ्याच पिटल्या, पाहुण्यांची लाज गेली खड्ड्यात.

सासूबाई वाकून आत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तू खांबावर चढत न्हाईस?"

"न्हाई ओ! टेबलापाशी बसून मोटारी भरते."

"अगं बाई! वायरमन म्हणलं की मला खांबच दिसायचा. रोज जीव मुठीत धरून कोण बसणार, म्हणून बघू म्हणाले." त्यांनी हळदीत बोटं बुडवली आणि तिच्या दोन्ही गालांना लावली. "जागरण-गोंधळ उरकला की जा कामाला. त्याच्या आधी मात्र सोडायची न्हाई."

ताई माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. माझ्या नव्या साडीला हळद लागली, लागू दे म्हटलं.

रात्रीत नानकटाई भाजून रुखवतात मांडली. दुसऱ्या दिवशी पाठवणीला आम्ही सगळे रडलो, हेसुद्धा. ताई एकटी हसत गाडीत बसली.