घरच्यांची इच्छा

टीव्हीवर कोणी पुढारी खुलासा करायला लागला, की भाऊ रिमोट उचलून आवाज बंद करायचे आणि मला हाताने थांबवायचे. "बोलू नका आता. थोबाड पाहू द्या त्याचं."

गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात त्यांची सगळी उमर गेली होती. साड्यांच्या घड्या उलगडून दाखवता दाखवता माणसं पाहायची सवय लागली. "गिऱ्हाईक 'घरी विचारून येतो' म्हणते ना, तेव्हा त्याचं ऐकाचं नसते, सेक्रेटरीसाहेब. तोंडाकडे पाहाचं असते. आता हा पाणी पिते पाहा." आणि खरंच, पडद्यावरचा माणूस मुकाट्याने ग्लास उचलायचा.

आतून वहिनींचा आवाज यायचा. "अहो, तो बिचारा घसा कोरडा करून राहिला, आन् तुम्ही त्याले मुका करून ठेवला!"

रामदासपेठेतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी सेक्रेटरी होतो आणि त्या पदाचा मला जरा जास्तच अभिमान होता, हे भाऊंनी फार आधी ओळखलं होतं. नुसतं नाव घेऊन त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

करोनाच्या दिवसांत आम्ही आपापल्या उंबरठ्यावर खुर्च्या टाकून बसायचो. मध्ये जिन्याची मोकळी जागा. ते दिवस तुम्हीही पाहिले आहेत. लोकांनी ठरलेली लग्नं पुढे ढकलली, आजारी माणसांना काचेतून पाहिलं. आणि टीव्हीवर कोणाची तरी मिरवणूक, कोणाचा तरी सत्कार. दुसऱ्या दिवशी खुलासा हजर. गर्दी नव्हती, कॅमेऱ्याच्या कोनामुळे तशी दिसली. मास्क फक्त बोलण्यापुरता काढला होता. "आन् हा बोलणं थांबवते कधी?" भाऊ विचारायचे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अशा पुढाऱ्यांना रोज शिव्या पडत होत्या. एकदा भाऊ म्हणाले, "चुकलं म्हणून टाकावं ना गा माणसानं. दोन शब्द तं आहेत. जीभ काय गहाण पडते काय?"

दुसऱ्या लाटेत वहिनी गेल्या. करोनाने नाही. हृदयाचं दुखणं जुनं होतं, सकाळी चहा ठेवता ठेवता खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत. मुलगी परदेशात, विमानं बंद. भाऊंचा फोन नातेवाइकांच्या फोनांनी सतत गुंतलेला.

त्या वेळी मी खाली गेटावर होतो. बाहेरच्या कोणालाही आत सोडायचं नाही, असा नियम मीच केला होता. सरकारी नियमात अंत्यविधीला वीस माणसं चालत होती. माझ्या नियमात एकही नाही.

वहिनींची धाकटी बहीण इतवारीहून ऑटोने आली. हातात पिशवी, पिशवीत हिरवी साडी. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी तिच्या अंगावर घालतात. माहेरचं आता हीच एक उरली होती.

"मले वर जाऊ द्या. दोन मिनिटं. ताईचं तोंड पाहीन, साडी घालीन आन् निघून जाईन."

मी नियम सांगितला. ती ऐकेना. चौकीदार पाहत होता, दूधवाला पाहत होता, पहिल्या मजल्यावरचे दोघं गॅलरीत आले होते. मला त्या बाईशी वाद घालायचा नव्हता, आणि नियम मोडताना दिसायचंही नव्हतं. मी म्हणालो, "ताई, मी काय करणार? घरच्यांचीच इच्छा आहे. भाऊंनीच सांगितलंय, कोणाला सोडू नका."

भाऊंनी असं काहीच सांगितलं नव्हतं. ती आली आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

तिने पिशवी माझ्याकडे दिली. "इतकं तरी वर पाठवा," म्हणाली आणि गेली.

बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू फवारून संध्याकाळपर्यंत गेटाजवळच्या टेबलावर ठेवायची, हाही माझाच नियम. पिशवी टेबलावर ठेवली. नंतर मी लोकांना सांगत आलो, की गडबडीत विसरलो. विसरलो नव्हतो. वहिनींना खाली आणलं, गाडीत ठेवलं, तेव्हा पिशवी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. सगळ्यांदेखत ती उचलली तर नियम सेक्रेटरीनेच मोडला असं होईल, एवढंच माझ्या मनात आलं.

दहनघाटावरून परतल्यावर भाऊंना ती पिशवी दिसली. त्यांनी साडीचा पदर दोन बोटांत धरून पाहिला, जन्मभर पाहत आले तसाच. चौकीदाराला काही विचारलं. मग पिशवी घेऊन वर गेले.

त्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील, आमच्या भागातल्या एका नेत्याचा वाढदिवस एका लॉनवर झाला. आमच्या गल्लीचा रस्ता त्याने करून दिला होता, म्हणून मी हार घेऊन गेलो. पेपरात फोटो आला. नेत्याच्या मागे मी, मास्क हनुवटीवर. मोजता येणार नाहीत इतकी माणसं.

संध्याकाळी तो नेता टीव्हीवर आला. भाऊंनी रिमोट उचलला, आवाज वाढवला. "आज ऐकू द्या," म्हणाले.

नेता म्हणत होता, "मी कोणालाच बोलावलं नव्हतं. घरच्यांची इच्छा होती, म्हणून छोटासा कार्यक्रम ठेवला."

भाऊ माझ्याकडे वळले. "हे तं तुमचंच वाक्य आहे, सेक्रेटरीसाहेब. साळीनं, हिच्या बहिणीनं, सांगितलं मले फोनवर. तुमचीच इच्छा होती ना भाऊजी, म्हणे."

"भाऊ, तेव्हा परिस्थितीच तशी होती. माझा हेतू..."

ते माझं ऐकत नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"हेतू राहू द्या. मी सांगितलं तं तिले पटत नाई. गेटावर ज्यानं सांगितलं त्याच्या तोंडून ऐकीन म्हणते. तुम्ही तिले फोन लावा."

"लावतो," मी म्हणालो.

लावला नाही. आधी वाटलं, जरा दिवस जाऊ द्यावेत. मग वाटलं, अशी गोष्ट समोरासमोर सांगितलेली बरी. मग वाटलं, आता कशाला जखम उकरा. भाऊंनी आणखी दोनदा विचारलं, नंतर विचारणं सोडलं. मला मात्र सोडलं नाही. स्वतः पोहे करायला शिकले आणि पहिली प्लेट माझ्याकडे घेऊन आले. "कांदा जळला आहे. कोणाची इच्छा नव्हती, आपोआप जळला," म्हणाले आणि हसले. मी खाली मान घालून खाल्ले.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. पार्किंगमध्ये शोकसभा झाली. ती इतवारीहून आली होती, मागे खांबाजवळ बसली होती. पहिल्या मजल्यावरचा एक जण बोलायला उठला. म्हणाला, "भाऊंसारखा शिस्तीचा माणूस नाही. सख्ख्या साळीलाही गेटाच्या आत येऊ दिलं नाही. नाहीतर आपले नेते पाहा!" लोकांनी माना हलवल्या. ती उठून निघून गेली. मी पहिल्या रांगेत होतो. बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी इतवारीत तिच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. पिशवीचंही सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला नाही, मला पाणीही विचारलं नाही.

"चार वर्षं मी त्या माणसाच्या घराची पायरी चढली नाई," ती म्हणाली. "दिवाळीले फोन करत, मी उचलत नव्हती. आन् तुम्ही मले हे आता सांगून राहिले, दार लावून, एकटीले?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"गेटावर तं सगळ्यांसमोर सांगितलं होतं तुम्ही. काल सभेतही सगळे होते. मंग हे कानात काहून सांगता?"

म्हणून हे लिहून काढलं आहे. सोसायटीच्या फलकावर लावणार आहे आणि छापायलाही देणार आहे. शोकसभेत जे सांगितलं गेलं ते खरं नाही. भाऊंनी कोणालाही अडवलं नाही. घरच्यांची तशी इच्छा नव्हती. माझी होती.