रिकाम्या चौकटींच्या आक्का

डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी आक्कांनी लिहिलेल्या प्रोग्राममधली एक अट मी काढून टाकली. त्याचा ठपका त्यांच्यावर आला, तेव्हा मी समोर बसून गप्प राहिलो. हे आधीच सांगतो, म्हणजे त्यांच्याबद्दल पुढे जे चांगलं लिहीन ते कोणत्या तोंडाने लिहितोय, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल.

आक्का सटाण्याच्या. नाशिकमधल्या आमच्या नऊ जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांत जुन्या. बोलणं आमच्यासारखंच, पण डोकं कामात बुडालं की अहिराणी बाहेर यायची. नवी स्क्रीन समोर आली की आम्ही चौकटी भरून बघायचो. त्या काहीही न भरता शोधाचं बटण दाबायच्या. "भरलेलं कुणीही चालवेल," म्हणायच्या, "रिकामं सोडलं तं काय व्हई, ते सांग." आणि उत्तर येईपर्यंत खरोखर उत्सुकतेने बघत बसायच्या.

दवाखान्याच्या पेशंट शोधायच्या स्क्रीनवर सात चौकटी होत्या. तालुका, गाव, वय, कोणता डोळा, असं काही. कुणी एकच भरणार, कुणी चार. जेवढ्या भरल्या तेवढ्याच अटी जोडून डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, प्रोग्रामने त्या क्षणी तयार करायची. मी प्रत्येक शक्यतेची वेगळी क्वेरी लिहायला बसलो होतो. एकविसावी चालू असताना आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अजून किती राहिल्या?"

"शंभराच्या वर होतील."

"मग निवृत्तीपर्यंत नोकरी पक्की तुझी." खुर्ची ओढून बसल्या. "आमच्याकडे कांदा निवडताना एक व्यापारी म्हणतो, मोठा द्या. दुसरा म्हणतो, मोठा, लाल आणि सुका. ढीग तोच. जो जेवढं बोलला तेवढंच बघायचं. जे बोललाच नाही, त्यावरून कांदा बाजूला टाकायचा नाही."

मग त्यांनी माझ्या एकवीस क्वेऱ्या पुसल्या. एक रिकामी यादी घेतली. चौकट भरलेली असेल तर तिची अट यादीत टाकायची, नसेल तर पुढे जायचं, शेवटी सगळ्या अटी जोडायच्या. वीसेक ओळींत काम संपलं. माणसाने टाइप केलेला मजकूर मात्र त्या कधी क्वेरीत थेट चिकटवू द्यायच्या नाहीत. तिथे नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि मजकूर डेटाबेसला वेगळा द्यायचा, म्हणजे कुणी त्यात एखादी आज्ञा लिहिली तरी ती पाळली जात नाही. "कोण काय लिहील, आपल्याला काय माहीत?" एवढंच कारण.

एकदा साठीच्या वरचे पेशंट शोधताना यादी त्यांना कमी वाटली. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी जाऊन बसल्या. परत आल्या त्या खुशीत. सुरगाण्याकडून आलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना वय सांगता येत नव्हतं, नोंदीत ती जागा कोरी होती, आणि आमची क्वेरी त्यांना गाळत होती. "वय माहीत नाही म्हणून म्हातारी तरुण होत नाही," आक्का म्हणाल्या, आणि अशा पेशंटची यादी खाली वेगळी दाखवायची सोय केली.

पेशंटना मोबाइलवर निरोप पाठवायलाही तीच शोधाची पद्धत होती. पण तिथे आक्कांनी एक जादा अट घातली होती: एकही चौकट भरलेली नसेल तर थांबायचं, काही पाठवायचं नाही. मला शोधाचा तो भाग म्हणजे दोन जागी केलेलं एकच काम वाटलं. मी दोन्ही एकत्र केलं, नीटनेटकं केलं, आणि त्यात ती अट उडाली. आक्कांना विचारलं नाही. त्याच आठवड्यात फक्त पेठ तालुक्याला निरोप पाठवताना दवाखान्यातल्या मुलीकडून ती एकमेव चौकट भरायची राहिली. 'सोमवारी सकाळी तपासणीला या' हा निरोप दवाखान्याच्या नोंदीतल्या प्रत्येक पेशंटला गेला.

सोमवारी दवाखान्यापुढे जीपा लागल्या होत्या. सुरगाणा, मनमाड, सटाणा. नुकतंच ऑपरेशन झालेली माणसं काळे चष्मे लावून फुटपाथवर बसली होती. एक आजोबा मला विचारत होते, "साहेब, आमचा नंबर कवा लागंल?" त्यांना परत जायला सांगितलं ते आक्कांनी. मी बाजूला उभा होतो.

संध्याकाळी मालकांनी सगळ्यांना बसवलं. "हे कुणाचं काम?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात बघत होतो. "प्रोग्रामची ती फाइल माझी आहे," त्या म्हणाल्या. दवाखान्याचं काम त्यांच्याकडून काढून मला दिलं गेलं. ते त्यांचं सगळ्यांत आवडतं काम होतं. दोन महिन्यांनी त्या नोकरी सोडून सटाण्याला गेल्या. शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "काही विचारायचं राहिलंय का रे?" मी नाही म्हणालो.

आठ वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, मी सटाण्याला गेलो. त्या तिथे कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. क्लासच्या मुली गेल्यावर मी म्हणालो, "आक्का, ती अट मी काढली होती."

"माहीत शे. कोणती ओळ कुणी बदलली, त्याची नोंद कॉम्प्युटरवर राहते. त्याच दिवशी दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का, ते बघत होते. पुष्कळ दिवस बघितलं." जराही राग नव्हता आवाजात. खुर्ची माझ्याकडे वळवून, एखादी नवी स्क्रीन बघावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण एक सांग. तू नेमकी कशाची माफी मागायला आलास?"

"अट काढली ती चूक होती, आक्का. चूक कुणाचीही होते," मी म्हणालो. "पण मालकांनी विचारलं तेव्हा उत्तर मला माहीत होतं. ते मी दिलं नाही, आणि तुमचं काम तुमच्या हातून गेलं. ते मी होऊ दिलं, आणि वर तेच काम आठ वर्षं केलं. त्याची माफी मागतो."